खराट्यांच्या वडाचं पिवळं पान

माघातल्या यात्रेला खराटेवाडीच्या देवळापुढच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. राजुरीपासून आळेफाट्यापर्यंत जिथे जिथे खराटे नांदत होते तिथून ते आले होते. कोणी पिकअपमध्ये उभ्याने, कोणी मोटारसायकलवर तिघं, आणि पुण्याचे खराटे काचा वर केलेल्या गाडीतून. सगळ्यांच्या नजरा एकाच जागी लागल्या होत्या. मांडवाच्या दोन खांबांना एक मोठं पांढरं कापड ताणून बांधलं होतं. त्यावर कोळशाने वड काढला होता. वडाच्या बुंध्याशी खराट्यांचा मूळपुरुष रावजी, त्याच्यावर त्याचे लेक, मग नातू, अशा दहा पिढ्या. शेवटच्या डहाळ्यांवर आज हयात असलेल्या खराट्यांची पानं होती. प्रत्येक पान हळदीने रंगवलेलं, प्रत्येकावर एक नाव.

वडाशेजारी वंशानंद महाराज बसले होते. अंगावर भगवी शाल, मनगटात सोनेरी घड्याळ, पुढ्यात माईक.

"भक्तहो, डॉक्टर क्या देखता है? डॉक्टर फक्त रगत देखता है. मैं रगताची याददाश्त देखता हूँ. तुमच्या लॅबला रिपोर्ट द्यायला पंधरा दिवस लागतात. आपला मूळपुरुष चोवीस तास ऑनलाइन आहे. रिचार्ज लागत नाही."

लोक हसले आणि हात जोडून बसले. दोन्ही एकदमच.

मग नावं पुकारायला सुरुवात झाली. ज्याचं नाव येई तो पुढे जाई. चेला तांब्याच्या गडूतून त्याच्या अंगठ्यावर चमचाभर तीर्थ सोडी. ओला अंगठा त्याने आपल्या पानावर दाबायचा. आणि पिवळं पान डोळ्यांदेखत लाल होई, कपाळावरच्या कुंकवासारखं.

"पेटलं," महाराज म्हणत. "मूळपुरुषानं ओळख दिली. पुढचा."

पहिल्या रांगेत साळुबाई बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पाठीत किंचित वाकलेली, विडा खाऊन ओठ कायमचे रंगलेले. तिच्या थोरल्या अमृतचं पान लाल झालं तेव्हा तिने दोन्ही हात जोडले. अमृतच्या दोन्ही पोरांची पानं लाल झाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं स्वतःचं पान वडावर नव्हतं. "सून पाणी घालणारी असते, माय, पान नसते," असं महाराजांनी आधीच सांगितलं होतं. चोपन्न वर्षं पाणी घातलेल्या साळुबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सगळ्यात शेवटी हर्षालीचं नाव आलं. साळुबाईचा धाकटा भरत दोन वर्षांपूर्वी टोमॅटोचा टेम्पो उलटून गेला होता. त्याची ही एकुलती एक लेक, आठवीतली. तिची आई अंजना म्हणजे साळुबाईच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाची मुलगी करायची रीत आहे, म्हणून साळुबाईने स्वतः मढला जाऊन भावाकडे पदर पसरून तिला आणली होती.

चेल्याने गडू उलटा केला. तीर्थ संपलं होतं. त्याने झोळीतून दुसरा गडू काढला आणि हर्षालीच्या अंगठ्यावर चमचाभर तीर्थ सोडलं. पोरीने अंगठा दाबला.

पान पिवळंच राहिलं.

"परत दाब, बाळ."

परत दाबला. पिवळंच.  महाराजांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि फार दुःख होतंय असा चेहरा केला. तो चेहरा त्यांना छान जमायचा.

"काय सांगू, माय. बांडगूळ वडावर वाढतं, वडाचंच पाणी पितं. पण ते वडाचं नसतं."

मागच्या रांगेतून अंजना उभी राहिली. "काय बोलताय तुमी? ल्हान पोर हाय ती."

"खाली बस," अमृत म्हणाला. "ही व्हायच्या आधी भरत भोसरीला कंपनीत व्हता, म्हैन्यातनं एकदा यायचा. समद्या वाडीला ठावं हाय. आमी आजवर बोललो न्हाई, आता देवच बोलला."

अंजनाने सासूकडे पाहिलं. "आत्या, तुमी तरी बोला."

हर्षाली आजीशेजारी येऊन बसली होती. सवयीप्रमाणे तिचा हात आजीच्या गुडघ्यावर होता. साळुबाईने तो हात उचलला आणि बाजूला सतरंजीवर ठेवला. पापड उन्हात ठेवावा तसा, हलकेच. 

महाराजांनी पुढच्या रविवारी फांदी छाटायचा विधी नेमला. त्याच दिवशी साळुबाईने एका प्रतिज्ञापत्रावर अंगठा द्यायचा होता, की हर्षाली ही माझ्या मुलाची मुलगी नव्हे. कागद अमृतने तयारच ठेवला होता. भरतच्या वाट्याचे दोन एकर कालव्याखाली येतात, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. पण कागद इतक्या लवकर कसा तयार झाला, असं कोणीच विचारलं नाही.

अंधश्रद्धा घरात एकटी शिरत नाही, येताना वेगळं ताट घेऊन येते. सोमवारी साळुबाईने नातीला गोठ्यातल्या जर्मनच्या ताटलीत भाकरी वाढली. पोरीने ताटलीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि खाल्लं. मंगळवारी चुलतभावांनी तिचं नाव 'पिवळी' ठेवलं. बुधवारपर्यंत ते नाव शाळेत पोचलं होतं. "ए पिवळी, तुजा बाप कोन, विचार की तुज्या आईला." नळावर बायका अंजनाचा हंडा लागला की आपले हंडे ओढून घेत.

गुरुवारी सकाळी अंजनाने एक पिशवी भरली, पोरीचं दप्तर घेतलं.

"आत्या, जाते मी. तुमच्याच माहेरी जाते."

साळुबाई उंबऱ्यात बसून विडा लावत होती. तिने वर पाहिलं नाही. दोघी मायलेकी आळेफाट्याकडे चालत निघाल्या, मढची एसटी धरायला. त्या वळणाआड गेल्या तेव्हा साळुबाईला हलकं वाटलं. हे तिने पुढे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं.

शाळेत वैजयंतीबाईंच्या नजरेत रिकामी जागा आली. सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंना रिकामा बाक लवकर दिसतो. पोरांनी भीत भीत सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "हळदीचा डाग लाल होताना कोणी पाहिलाय का?"

वर्ग विचारात पडला. मग कांतीलाल शेटची सिद्धी उठली. तिच्या आजोबांनी मारवाडातून येऊन इथे किराणा दुकान थाटलं होतं. "बाई, मी पाहिलाय. फ्रॉकवर हळद सांडली की मम्मी साबण लावते आणि डाग लाल होतो. मग ती मला ओरडते."

"साबणानेच होतो, की आणखी कशाने? उद्या सगळ्यांनी हळदीने रंगवलेली चिंधी आणा. आणि घरात सापडेल ते आणा. लिंबू, चिंच, मीठ, सोडा, चुना."

शुक्रवारी पोरांनी दिवसभर चिंध्या भिजवल्या. लिंबू हरलं, चिंच हरली, मीठ हरलं. सोडा जिंकला, चुना जिंकला. त्यातही चुना पाण्यात कालवून दुपारपर्यंत ठेवला, की वर जे नितळ पाणी राहतं ते अगदी साध्या पाण्यासारखं दिसतं, तरी चिंधी लाल करतं. बाईंनी उत्तर सांगितलंच नाही. पोरांनी ते चिंधीवर स्वतः वाचलं.

रविवारी मांडव पुन्हा भरला. महाराजांच्या पुढ्यात चांदीची कात्री होती, शेजारी तीर्थाचा पुन्हा भरलेला गडू. अमृतने शाईचा पॅड उघडून आईच्या गुडघ्याशी ठेवला होता. इतक्यात वैजयंतीबाई वीसएक पोरं घेऊन आत शिरल्या. त्यांच्या हातात हळदीने रंगवलेला पंचा होता. पोरांच्या मागे दोरीला एक शेळी होती.

"बाई, आज शाळा न्हाई," अमृत म्हणाला.

"माहीत आहे, अमृतराव. पोरांनी एक प्रयोग केलाय. तो महाराजांना दाखवायचा हट्ट धरलाय त्यांनी. पाच मिनिटं."

पोरांनी पंचा पसरला. सिद्धीने बरोबर आणलेल्या बाटलीतल्या पाण्यात अंगठा बुडवून दाबला. लालभडक ठसा उठला.

"पेटलं," मागून एक पोरगं महाराजांच्या आवाजात म्हणालं. "मूळपुरुषानं ओळख दिली."

"आयला, शेटजीची पोरगी खराट्यांची निघाली की राव," कोणीतरी बोललं आणि हशा पिकला. कांतीलाल शेट कडेला उभे होते, तेही हसले. मग पोरांनी शेळीचा पुढचा खूर बाटलीच्या पाण्याने ओला केला आणि पंच्यावर टेकवला. लाल.

"आता अमृतराव, तुम्ही," बाई म्हणाल्या. "फक्त पाणी आमच्या शाळेच्या नळाचं."

अमृतला नाही म्हणता येईना, सगळे बघत होते. त्याने अंगठा दाबला. पंचा पिवळाच राहिला.

"शेळी घरची आन् अमृत बाहेरचा," मागून एक म्हातारा म्हणाला. या वेळी हशा थांबता थांबेना.

महाराजांनी माईक ओढला. "भक्तहो, ये केमिकल है. ये विदेशी केमिकल है. आपलं ते तीर्थ. बारा वर्षं हिमालयात..."

"मग दोन घोट घ्या तीर्थाचे," बाई म्हणाल्या. "पहिल्या गडूतले."

"हे अंगठ्याचं तीर्थ आहे, माई. प्यायचं नव्हे."

चेला गडू उचलून झोळीत घालू लागला. पण त्याच्या जवळ साळुबाई बसली होती. ती पुढे सरकली आणि गडूत बोट बुडवून जिभेला लावलं. पन्नास वर्षं विड्यातला चुना चाखलेली ती जीभ. तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. मग तिने झोळीत हात घालून दुसरा गडू काढला. आठ दिवसांपूर्वी हर्षालीसाठी काढला होता तो. त्यातही बोट बुडवून चाखलं.

"ह्यात चुन्याची निवळी हाय," ती म्हणाली. "आन् ह्यात निस्तं पाणी."

तिने दोन्ही गडू अमृतपुढे ठेवले. "माज्या नातीला कुनाच्या सांगन्यावरनं दुसऱ्या गडूतलं दिलं?"

अमृतने शाईचा पॅड मिटला आणि गुडघ्याखाली सरकवला. 

आठ दिवसांपूर्वी जे हात जोडले गेले होते तेच हात आता चपला काढू लागले. महाराज शाल डोक्यावर ओढून खांबाला टेकले. वैजयंतीबाई मध्ये उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाही. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, पोलीसपाटलांना बोलवा. आणि त्याला मारण्याआधी एवढं आठवा, गेल्या रविवारी पोरीला बांडगूळ म्हटलं तेव्हा तुमच्यातलं कोण उठलं होतं?"

चपला खाली गेल्या. पण अमृत आता सावरला होता. तो म्हणाला, "ठीक हाय. बाबा लबाड. पण बाई, रगत तर असतंच ना? खराट्यांचं रगत म्हंजी खराट्यांचं. ते काय चुन्यानं बदलत न्हाई."

बऱ्याच माना हलल्या. बाईंना कळलं की बाबा पडला, पण ज्या ओट्यावर तो बसला होता तो ओटा अजून शाबूत आहे. त्यांनी प्रसादाच्या स्वयंपाकाची एकात एक बसणारी पातेली मागवली.

"हे सगळ्यात मोठं पातेलं म्हणजे रावजी," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत त्याचा मुलगा, त्याच्या आत नातू." पोरं एकेक पातेलं आत बसवत गेली. शेवटी आत एक वाटी ठेवली. "ही वाटी अमृतराव. बघा कसं नीट बसलं. फक्त बापाकडून मोजलं की प्रत्येक माणूस एकाच भांड्यात बसतो. आडनाव असं बसतं, भावकी अशी बसते. कामाला सोपं पडतं म्हणून माणसांनी ही मोजणी केली. त्यात वाईट काही नाही. पण आता सांगा, अमृतरावांना नऊ महिने पोटात कोणी ठेवलं?"

"म्या," साळुबाई म्हणाली.

"तुम्ही कुठल्या पातेल्यातल्या?"

"मढच्या."

बाईंनी मढची म्हणून तशीच दुसरी पातेली एकात एक घालून शेजारी मांडली. "अमृतरावांच्या अंगात जी जनुकं आहेत, म्हणजे नाक कसं, केस कसे, हे ठरवणाऱ्या ज्या सूचना आहेत, त्यातल्या निम्म्या आजींकडून आल्या. म्हणजे ही वाटी एकाच वेळी दोन्ही पातेल्यांत ठेवायला हवी. ठेव रे."

अमृतच्याच पोराने वाटी उचलली. इकडे ठेवली, तिकडे ठेवली, मध्ये धरली. "बसत न्हाई, बाई."

"नाहीच बसणार. जन्म असा भांड्यात भांडं घालून ठेवता येत नाही. तो नद्यांसारखा असतो. कुकडी घोडनदीला मिळाली की पुढे हंडा भरून घ्या आणि त्यातलं कुकडीचं पाणी वेगळं काढून दाखवा. बरं, आता मोजा. आई-बाप दोन. त्यांचे आई-बाप?"

"चार," पोरं ओरडली. "आठ. सोळा. बत्तीस."

"दहाव्या पायरीला एक हजार चोवीस जागा होतात. त्यातल्या एका जागेवर रावजी. उरलेल्या एक हजार तेवीस जागांसाठी या वडावर पान कुठे आहे? बापाकडून मुलाकडे सरळ जाणारा एक बारीक धागा असतो खरा, वाय नावाचं गुणसूत्र. तो या पातेल्यांसारखा नीट बसतो. पण शेहेचाळिसातलं ते एक. आणि मुलींना ते मिळतच नाही. तेच जर खराट्यांचं रक्त म्हणायचं, तर या मांडवातली एकही लेक खराट्यांची नाही. चालेल?"

पुण्याच्या गाडीतून आलेल्या एका बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मोबाइलकडे पाहिलं.

"आता आजी, तुमच्यासाठी," बाई साळुबाईपुढे बसल्या, आवाज उतरवून. "अमृतरावांच्या पोरांमध्ये तुमच्याकडचं एकाच वाटेने आलंय, अमृतरावांकडून. हर्षालीत ते दोन वाटांनी आलंय. एक भरतकडून. दुसरी अंजनाकडून, कारण अंजना तुमच्या भावाची, आणि तुमचे नि भावाचे आई-बाप एकच. सरासरीने बघितलं तर सगळ्या नातवंडांत तुमच्या सर्वांत जवळची तीच."

साळुबाईने ती वाटी उचलून हातात धरली.

"म्हंजी," ती म्हणाली, "त्यो बाबा खरा असता, ती भरतची नसती..."

"तरी ती तुमच्या भावाची नात असती. तुमच्या आईची पणती."

साळुबाईने प्रतिज्ञापत्र उचललं आणि चार तुकडे केले. पोलिसांत तक्रार द्यायची वेळ आली तेव्हा भावकीतले बहुतेक पुरुष लघवीला गेले होते. तक्रारीवर साळुबाईने अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती मढला उतरली. अंगणात तिचा भाऊ गेणू दोर वळत बसला होता. त्याने "ये" म्हटलं, उठला मात्र नाही. अंजनाने पाय धुवायला पाणी दिलं, तांब्या भरून दिला, चहा ठेवला. पाहुण्याला देतात तसं सगळं, काही उणं नाही.

साळुबाईने सगळी हकिगत सांगितली. दोन गडू, शेळी, पातेली. पोलिसांनी बाबाला कसं नेलं तेही. शेवटी म्हणाली, "माजं चुकलं. चल, पोरी, घरी. शाळा बुडतीय तुजी."

हर्षाली चुलीजवळ बसली होती. तिने विचारलं, "आजी, बाईंनी शेळी आणली नसती तर?"

"आगं, पन आणली ना."

"आणि बाबाच्या गडूत चुना नसता, देवाचंच तीर्थ असतं, आणि पान पिवळंच राहिलं असतं, तर तू मला कुठल्या ताटात जेवायला दिलं असतंस?"

साळुबाईने तोंड उघडलं. भाऊ बघत होता, अंजना बघत होती. तिने तोंड मिटलं.

"मी इथल्या शाळेत नाव घातलंय," हर्षाली म्हणाली. "साडेदहाला भरते." तिने दप्तर घेतलं आणि निघाली. अंजना म्हणाली, "आत्या, दुपारची गाडी दोनला हाय. जेवून जा."

वाचकहो, हळद आणि चुन्याची लबाडी ओळखायला शाळेतल्या पोरांना एक दिवस पुरला. बाबाला ओळखायला एक मांडव पुरला. पण साळुबाई जिथे गप्प झाली तो प्रश्न कुठल्याही प्रयोगाने सुटत नाही. तो आपल्यालाच सोडवायचा आहे, आणि आधी सोडवायचा आहे. उद्या कोणी रंग दाखवेल, कोणी लॅबचा शिक्का मारलेला कागद दाखवेल. तो खरा की खोटा, हे जरूर तपासा. पण तपासण्यापूर्वी स्वतःला विचारा, की तो खरा निघाला तर मी या लेकराचं काय करणार आहे? ज्याला याचं उत्तर देता येत नाही, त्याला फसवायला बाबा लागत नाही. साळुबाई दोनच्या गाडीने परत आली. शेजारची जागा रिकामी होती.